सगळेच मानकरी

आमची चाळ जिथे होती तिथे आता एक उंच टॉवर उभा आहे आणि त्याच्या फाटकावर 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. हे सान्निध्य मिळावं म्हणून लोक आयुष्यभर हप्ते भरतात. आम्हाला ते फुकट मिळालं होतं. अट एवढीच होती की निसर्गाने आधी जेवायचं आणि उरलं तर आम्ही. त्या टॉवरमध्ये आता माझा मुलगा राहतो. त्याच्याकडे गेले की मी बाल्कनीत उभी राहून खाली बघते. जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे आमची मोरी होती. माणसं अजूनही तिथेच अंघोळ करतात, फक्त आता टोपी घालून.

मुलुंडला पश्चिमेकडे डोंगर चढायला लागतो तिथे आमची बैठी चाळ संपायची, आणि चाळीतली अगदी शेवटची खोली आमची. पुढच्या दारी ओटा, मागच्या दारी मोरी, मोरीपलीकडे आईची बाग, बागेच्या टोकाला सरकारी भिंत आणि भिंतीला एक भलंमोठं भगदाड. भगदाडाच्या पलीकडे थेट जंगल. ती भिंत जनावरांना आत ठेवायला बांधली होती की आम्हाला बाहेर, हे बांधणाऱ्या ठेकेदारालाही नक्की सांगता आलं नसतं. कुणाचीच गैरसोय नको म्हणून त्याने बहुधा ते भगदाड सोडलं असावं. संध्याकाळी पलीकडून रातकिड्यांचा आवाज यायचा, अलीकडून स्टोव्हला पंप मारल्याचा, आणि मध्ये कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा. तिन्ही आवाज एकत्र आले की आई म्हणायची, दिवा लाव.

बाग म्हणजे फुलंबिलं नव्हेत. मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं, मधल्या सपाटीला सुरण होता आणि भिंतीच्या उतारावर रताळ्याचे वेल. बाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो पुढच्या सोमवारी मिटणार होता. तो सोमवार अजून आलेला नाही. पहिले काही महिने बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, म्हणजे भोंगा झालाच तर उशीर नको. आई तोपर्यंत अळूच्या जुड्या पाटीत भरून बाजारात जाऊन परत आलेली असायची. घर त्या पाटीवर चाललं होतं हे चाळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं, पण बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "मंडळीला झाडांची भारी हौस." मोरीच्या सांडपाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून पहाटे अळू कापण्याची हौस माझ्या आईखेरीज कुणाला असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्याच सुमारास गावच्या काकांचा निरोप यायला लागला होता. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस तांदळाच्या पिशवीबरोबर तो निरोपही आणायचा: तिथे मुंबईत कशाला कुजताय, या घरी, खायला भात आहे. बाबांना ते पटायला लागलं होतं. गावात कसा मान असतो, हे ते आम्हाला संध्याकाळी पेज पिता पिता सांगायचे. आईला तो मान चांगला ठाऊक होता. लग्नानंतर दोन वर्षं ती त्या घरात राहिली होती आणि त्या मानाची भांडी तिनेच घासली होती. माझी गोष्ट तर आणखी सोपी होती. मी आठवीत होते. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा नदीपलीकडे, आणि मुलींबद्दल काकांचं मत असं की चेडवाक शिकान काय करूचा. म्हणजे गावाला जायचं ठरलं की माझं दप्तर इथेच चुलीत घातलं तरी चालणार होतं. "बाग धरली तर राहूया," आई एकदाच बोलली होती, "नायतर मी अडवूची नाय." त्यामुळे रोज शाळेतून आले की मी आधी बाग बघायचे आणि मग तोंड धुवायचे.

दिवाळी होऊन गेली, सुरणाची पानं पिवळी पडायला लागली, आणि एका सकाळी बघतो तर रताळ्याचा अर्धा उतार नांगरल्यासारखा उकरलेला. वेल उलटेपालटे, माती मोरीपर्यंत उडालेली, अर्धी चावलेली रताळी इकडेतिकडे. आई ती गोळा करायला लागली. बाबा मात्र कमरेवर हात ठेवून मातीतल्या ठशांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अस्वल."

हा निकाल त्यांनी कशावरून दिला हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मुलुंडच्या डोंगरात अस्वल असल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं, पण अस्वल हे कसं भारदस्त जनावर! ज्याच्या परसात अस्वल येतं त्या माणसाकडे लोक जरा वळून बघतात. दुपारपर्यंत ओट्यावर माणसं जमली, आणि बाबांना कित्येक महिन्यांनी संप सोडून दुसऱ्या विषयावर बोलायला मिळालं. मीही मागे राहिले नाही. वर्गात सांगून टाकलं की आमच्याकडे रोज अस्वल येतं. मधल्या सुट्टीत मला बोरं मिळाली, चिंच मिळाली, आणि जिने आजवर मला बाकावर कधी नीट सरकून जागा दिली नव्हती तिने माझा डबा उघडून दिला. अस्वल काळं असतं की तपकिरी, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बाई, जवळून बघितलं तर काळंच वाटतं." त्या आठवड्याइतकी प्रतिष्ठा मला पुढे बँकेत अधिकारी होऊनही लाभली नाही.

ती प्रतिष्ठा धुळीला मिळवली गायकवाड मावशीने. गायकवाड मावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची, सोलापूरकडची, एका इस्पितळात आया होती. संध्याकाळच्या पाळीला निघताना मोरीवर हात धुवायला म्हणून ती मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "शालूचे बाबा, तुमचं अस्वल आलंय बगा! संगं पोरंबी आणल्यात!" आम्ही धावलो. भगदाडातून एक काळीकरडी, थोराड रानडुकरीण आत आली होती आणि तिच्या मागे अंगावर पट्टे असलेली पिल्लं, शाळा सुटल्यासारखी. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं, आम्ही कुणी महत्त्वाची माणसं नाही असं ठरवलं आणि नाक जमिनीत खुपसलं. मचमच, घुरघुर, पुन्हा मचमच. आईने पत्रा वाजवला तेव्हा ती गेली, पण तीही घाईने नव्हे.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अस्वलाचं डुक्कर झालं हा त्यांना व्यक्तिगत अपमान वाटला. पण माणूस हार मानणारा नव्हता. रात्री पेजेबरोबर सुका बांगडा चावता चावता त्यांनी आम्हाला समजावलं की रानडुक्कर म्हणजे काही गटारातलं डुक्कर नव्हे, ते वाघालाही फाडतं, आणि गावाला त्याची पारध होते ती काय थाट असतो! मग ती गोष्ट आली, जी मी त्यानंतर इतक्यांदा ऐकली की पाढ्यासारखी पाठ झाली. शिमग्यात सगळा गाव रानात उतरतो. हाकेवाले हाकारा घालून, थाळ्या बडवून जनावर बाहेर काढतात, मोक्यावर बसलेले बार टाकतात आणि मग वाटे पडतात. त्यात मुंडी मिळते ती मानकऱ्याला. "तुझ्या आजोबांच्या दारात मुंडी यायची," बाबा म्हणायचे, "वाजतगाजत." आई त्या वेळी नेमकी भांडी आवरायला उठायची.

मग ठरलं, पारध करायची. मुलुंडमध्ये. तशी बंदी घालणारा कायदा देशात होता, पण आमच्या चाळीत पोस्टमनच आठवड्यातून एकदा यायचा, तिथे कायद्याचं काय घेऊन बसलात. चाळीतले सगळे पुरुष कोकणातले आणि बहुतेक गिरण्यांतले, म्हणजे सगळ्यांकडे वेळच वेळ. रोज आमच्या ओट्यावर बैठक भरायची. बैठकीला आईने चहा द्यायचा. साखर संपली की गुळाचा, गूळ संपला की आलं जास्त घालून. बैठकीचे मुख्य दोघे. एक धाकूकाका, बाबांच्याच गावचे, बाबांच्याच खात्यात कामाला, वयाने मोठे, खोकत खोकत बोलणारे. दुसरे मेस्त्री, हे सुतार, नदीपलीकडच्या दुसऱ्या गावचे, आणि पलीकडच्या गावात सगळंच आमच्या गावापेक्षा बरं असतं असं ठाम मत असलेले. बंदूक कुणाकडेच नव्हती. एक कोयता, दोन पहारी, मेस्त्रींचा लाकूड तासायचा वाकस आणि त्यांच्या मुलाची क्रिकेटची बॅट एवढा शस्त्रसाठा जमला. बैठका चालू असताना डुकरीण दर दोन दिवसांनी येऊन जात होती आणि रताळ्याचा उतार संपवून ती आता सुरणाकडे सरकली होती. शिकारीची तयारी इतकी जोरात होती की शिकारीकडे लक्ष द्यायला कुणाला सवडच नव्हती.

आईने एकदा विचारून बघितलं, "अवो, त्यापेक्षा त्या भगदाडाक काटी घाला ना. दोन दिसाचा काम." बाबा हसले. ज्याच्या दारात मुंडी यायची त्याच्या मुलाने काट्याकुट्या गोळा करायच्या?

रविवार ठरला. दुपारचं जेवण उरकून सगळे आमच्या पुढच्या दारी जमले. बायका दारादारांतून उभ्या. धाकूकाका दुसऱ्या दिवशी गावाला निघणार होते आणि काकांना काय निरोप द्यायचा ते बाबा त्यांना त्याच संध्याकाळी सांगणार होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटतं त्यांच्या मनात असं होतं, की मुंडी मिळाली की त्याच दिमाखात निरोप द्यायचा, आम्ही येतोय. मला भीती डुकराची नव्हती, त्या शर्टाची होती.

नारळ ठेवला, अगरबत्ती लावली, आणि आता निघणार एवढ्यात मेस्त्री म्हणाले, "आधी एक ठरवा. मुंडी कोणाक?"

"ती कसली ठरवूक व्हयी?" बाबा म्हणाले. "मानकऱ्याक."

"आमच्यात पयलो घाव घालतलो तेका. मानकरी बसतलो घराकडे आणि मुंडी खातलो, ह्या तुमच्याच गावात."

"मेस्त्री, ही पारध आमच्या परसात आसा."

"परस खंयचो तुमचो? सरकारचो तो!"

इथे धाकूकाकांनी खोकून आणखी एक नियम काढला की ज्याच्या जमिनीत जनावर पडतं त्याला पुढचा फरा, म्हणजे पुढचा अख्खा पाय, द्यावा लागतो. जमीन जर सरकारची, तर फरा सरकारला. आता हा फरा वॉर्ड ऑफिसात नेऊन कुठल्या खिडकीवर द्यायचा, आणि देताना हे जनावर कुठून आलं असं साहेबाने विचारलं तर काय सांगायचं, यावर खरोखर चर्चा झाली. मी हे रचून सांगत नाही. नंतर काळजाचा वाटा, मग जनावर ज्या कुशीवर पडेल त्या बाजूच्या मांडीचा वाटा. मेस्त्रींचा आवाज चढला, बाबांचा चढला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तर आमच्याकडे तुरी अजून जंगलात होत्या, चांगल्या चार पायांवर.

गायकवाड मावशी दारात केस विंचरत उभी होती. ती म्हणाली, "ज्याच्या मुंडीसाठी भांडताय, ते आजून त्याच मुंडीनं खातंय तिकडं."

"मावशी, हे गावचे मान असतात. तुम्हाला नाही कळायचं," मेस्त्री म्हणाले.

"मला न्हाई कळायचं?" मावशीने फणी खाली घेतली. "आमच्या गावाला वाटे पडताना आमी कुटं हुबं ऱ्हायाचं ते बी ठरल्यालं असायचं, मेस्त्री. लई लांब. गाव सोडला तवा समद्यांचे मान तितंच ठिवून आले मी. लई हलकं वाटलं बगा."

मग ते ऐकलंच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि गडी पुढच्या प्रश्नाकडे वळले, आणि हाच खरा प्रश्न होता. हाकारा कोण घालणार? जनावर भगदाडाकडे काढायचं तर कुणीतरी खालच्या अंगाने थाळ्या बडवत, ओरडत जायला हवं होतं. बाबांनी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री म्हणाले, आमच्या घराण्यात हाकेवाला कधी झाला नाही. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. त्याच्याही घराण्यात झाला नव्हता. एकेकाला विचारत गेले. कुणाचा आजा गावकर, कुणाचा चुलता पालखीपुढे देवाची तरंगं धरणारा. साऱ्या कोकणातले मानकरी वेचून आमच्याच चाळीत भरले होते. गावोगावी हाकारा घालणारे ते शेकडो लोक कुठे गेले, त्यांची पोरं मुंबईला आलीच नाहीत की काय, हा प्रश्न मला आजही पडतो.

तेवढ्यात धाकूकाकांना वाटलं की आपण भांडण मिटवावं. म्हातारा मनाने वाईट नव्हता. सरळ बोलून गेला, "अरे वासू, कित्याक वेळ घालवतंस? तूच घाल हाकारो. तुज्या बापाशीचोच तो हात."

"माझो बापूस मानकरी होतो," बाबा म्हणाले.

"मानकरी?" धाकूकाका खोकले आणि हसले. "अरे, मी बघलंय मा! थाळी घेवन रानभर धावायचो तो. मुंडी देवळाकडे जाय. तुमच्या दारात येय तो हाकेवाल्याचो वाटो, पानात बांधलेलो."

मेस्त्री मोठ्याने हसले. मग आणखी कुणी हसलं. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी शर्टाची कॉलर उगाच सारखी केली. बापाला चारचौघांत असं उघडं पडताना बघण्याइतकी वाईट गोष्ट मुलीच्या वाट्याला येऊ नये. इतके दिवस मी त्या मुंडीच्या गोष्टीला मनातल्या मनात हसत होते, पण त्या क्षणी ती खरी असती तर मी माझी आठवी देऊन टाकली असती. बाबा वळले आणि घरात शिरले. मी त्यांच्या मागे.

घरात आई नव्हती. मागचं दार उघडं होतं.

आई बागेत होती. पुढच्या दारी मुंडीचे वाटे पडत असताना तिने मागे कुदळ घेऊन सुरण काढायला घेतला होता. अजून दोन-तीन आठवडे जमिनीत राहिला असता तर चांगला पोसला असता, पण पारधीच्या भरवशावर राहिलो तर कोंबसुद्धा मिळणार नाही हे तिला बैठकीच्या पहिल्या चहालाच कळलं असणार. बरेचसे गड्डे काढून तिने पाटीत टाकले होते. आणि तिच्यापासून चार हातांवर ती डुकरीण उभी होती. दोघी एकाच वाफ्यात कामाला होत्या, आई या टोकाकडून आणि ती त्या टोकाकडून. दिवस कलला होता. पुढचा आरडाओरडा डुकरिणीला नेहमीच्या बैठकीसारखाच वाटला असणार, त्यामुळे ती खुशाल वेळेच्या आधी आली होती. हे इथवर ठीक होतं. पण एक पिल्लू हुंगत हुंगत आईच्या मागे पाटीपाशी गेलं होतं. म्हणजे आई नेमकी मधे, एकीकडे पिल्लू, एकीकडे त्याची आई.

डुकरिणीच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले होते. ती दात एकमेकांवर आपटत होती. कट, कट, कट. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मी किंचाळणार होते, पण बाबांचा हात माझ्या तोंडावर आला.

"हलू नको," ते आईला म्हणाले, अगदी हळू. "कुदळ खाली ठेव. बग माझ्याकडे, तिच्याकडे नको."

मग त्यांनी मोरीवरची जेवणाची थाळी उचलली. मला वाटलं आता ते ती जोरात बडवतील, ओरडत धावत जातील. त्यांनी तसं काही केलं नाही. इस्त्रीच्या शर्टात ते मोरीच्या पाण्यात उतरले, अळवातून लांब वळसा घेऊन खालच्या अंगाला गेले, डुकरिणीला भगदाडाची वाट मोकळी दिसेल अशा बेताने उभे राहिले, आणि बोटांच्या पेरांनी थाळीवर हलका ठेका धरला. त्याबरोबर त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. होऽऽ हो हो. होऽऽ हो हो. गाणं नव्हे, ओरडणं नव्हे. गुरं घरी परतताना गुराखी देतो तसं काहीतरी, पण आणखी खोलातून आलेलं. मी त्या माणसाबरोबर तेरा-चौदा वर्षं राहत होते आणि हा आवाज त्याच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

डुकरिणीचे कान हलले. दात आपटणं थांबलं. बाबा एक पाऊल पुढे आले, ठेका जरा वाढवला, पुन्हा थांबले. तिला ढकलत नव्हते, तिला नुसतं सांगत होते की आता निघायचं. पिल्लाने पाटीतून मान वर काढली आणि आईच्या पायाला घासून तुरुतुरु पलीकडे पळालं. बाकीची पिल्लं गोळा झाली. मग बाबांनी आवाज चढवला, हाऽऽ हा हा हा, थाळी खणखणली, आणि ती सगळी वरात एका रेषेत भगदाडातून बाहेर पडली. बाबा भिंतीपर्यंत मागे मागे गेले आणि डोंगराकडे तोंड करून त्यांनी एक लांब हाक घातली. तिचा प्रतिध्वनी परत आला. रातकिडेसुद्धा गप्प झाले.

आई तिथल्या तिथे वाफ्यात खाली बसली. बाबा तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिचे मातीचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मुलांसमोर बायकोचा हात धरण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. मी बघितलं नाही असं दाखवलं, पण मी नीट बघितलं.

एव्हाना सगळे मानकरी मागच्या दारात पोचले होते. मेस्त्रींच्या हातात बॅट होती. "अरे, सोडलंत? हातातला जनावर सोडलंत!" ते म्हणाले. मग त्यांना जमिनीवर बसलेली आई दिसली आणि त्यांनी बॅट पाठीमागे नेली. धाकूकाका मात्र भगदाडाकडे बघत उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. खोकल्यानेही आले असतील, मी खात्री देत नाही. "असोच घालायचो रे," ते म्हणाले. "डिट्टो. ह्या डोंगरात घातल्यान की त्या डोंगरात ऐकाक येय. मुंडी काय, कोणाकव मिळता, वासू. तुज्या बापाशीशिवाय गावाची पारध निघना नसा." थाळीला लागलेली माती बाबा शर्टाने पुसत होते, इस्त्रीच्या.

त्या रात्री आईने सुरणाची कापं केली. आमसुलाची सोलं लावून, तांदळाच्या पिठात घोळवून, तव्यावर थोड्याशा तेलात. कोवळा गड्डा होता म्हणून असेल किंवा घाईत सोलं कमी पडली म्हणून, घसा थोडा खाजत होता. गायकवाड मावशीलाही मी एक वाटी नेऊन दिली. तिने विचारलं, "ह्यो मानाचा वाटा म्हनायचा का?" आणि आम्ही दोघी हसलो. घरात मुंडीची गोष्ट निघाली नाही. ती त्यानंतर कधीच निघाली नाही. आता मी आजी झाले आहे आणि नातवाला पारधीची गोष्ट सांगते तेव्हा माझ्या गोष्टीत मानकरी कुठे बसले होते ते मला आठवतसुद्धा नाही. हाकेवाला मात्र मी पुढे होऊन सांगते, आवाज काढून. सून म्हणते, आई, खालचे लोक तक्रार करतील. करू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूकाका पिशव्या घेऊन निघाले. ओट्यापाशी थांबले. बाबा दाढी करून बसले होते, पण अंगात घरातली बंडी होती. आई पाटी भरत होती, वर अळू, खाली सुरण. मी दप्तर खांद्याला लावून उंबऱ्यात उभी होते.

"मगे वासू, भावाक काय सांगू? येतास ना?"

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून भगदाड दिसत होतं.

"सांग तेका," ते म्हणाले, "येवचंव नाय. आमी गेलंव तर हंय हाकारो कोण घालतलो?"

धाकूकाकांनी मान डोलावली. मला वाटलं, आता आई रडेल, निदान हसेल तरी. आईने पदर खोचला, चुंबळ वळली आणि ती बाबांच्या हातात दिली.

"हाकारो सांजचो," ती म्हणाली. "आता ही पाटी उचला. बाजार भरलो असतलो."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी चाळ दारात उभी होती. त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलायला खाली वाकले.